ओली मलमल आणि आभाळाची ऊब

दरवर्षी जानेवारीत महाबळेश्वरहून एक बातमी हमखास येते. वेण्णा तलावाच्या काठाला, लिंगमळ्याच्या बाजूला पहाटे हिमकण दिसतात. स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर, तलावाच्या जेटीवर पांढरा थर धरलेला असतो आणि उन्हं वर येईपर्यंत लोक तो बोटांनी खरवडून एकमेकांना दाखवत राहतात. त्याच बातमीच्या खालच्या ओळीत त्या दिवशीचं किमान तापमान दिलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा शून्याच्या बरंच वर असतं. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "पारा पाचावर आहे म्हणता, मग माझ्या पानावरचं पाणी गोठलं कसं?" या पुस्तकाची सुरुवात त्या प्रश्नात आहे.

उत्तराचा निम्मा भाग सोपा आहे. पारा मोजतो ती हवामान केंद्रावरच्या पेटीतल्या हवेची थंडी. पान मात्र उघड्या आभाळाखाली असतं आणि रात्रभर हवेपेक्षा थंड होत जातं. म्हणून तर हवामान केंद्रांवर पेटीतल्या तापमापीखेरीज गवताच्या पात्यांशी आणखी एक तापमापी आडवा ठेवतात. निरभ्र, निवांत रात्री त्याचा आकडा पेटीतल्या आकड्याच्या कितीतरी खाली उतरतो. डोंगरउतारावरची थंड हवा घरंगळत तलावाच्या खोलगटात साचते, तिचाही वाटा असतोच. पण मूळ कारण वर आहे. पान आभाळाला जेवढी उष्णता देतं, तेवढी आभाळ परत करत नाही.

उत्तराचा उरलेला निम्मा भाग म्हणजे हे पुस्तक: आभाळ परत करतं ते किती? आणि खाली, माणसाच्या छातीच्या उंचीवर हवेतली वाफ मोजून ते सांगता येतं का?

आभाळ उष्णता देतं, हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. सूर्य देतो हे दिसतं, अंगाला जाणवतं. पण प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार प्रारण सोडत असते: दगड, पाणी, आपलं अंग, आणि हवासुद्धा. एवढंच की आपल्या रोजच्या तापमानाच्या वस्तूंचं प्रारण दीर्घलहरी असतं आणि डोळ्यांना दिसत नाही. योसेफ श्टेफानने १८७९ साली याचा नियम मांडला आणि बोल्ट्झमानने १८८४ साली त्याला सिद्धांताचा आधार दिला. निरपेक्ष तापमानाचा चौथा घात घ्यायचा आणि त्याला एका ठरावीक संख्येने गुणायचं, की पूर्ण काळी वस्तू एका चौरस मीटरमागे किती वॅट सोडते ते मिळतं. सबंध पृथ्वीची वर्षभराची सरासरी काढली, तर वातावरणाकडून जमिनीला मिळणारं हे दीर्घलहरी प्रारण चौरस मीटरमागे सुमारे ३४० वॅट भरतं. जमिनीत प्रत्यक्ष शोषलं जाणारं ऊन याच्या निम्म्याहूनही कमी आहे. सूर्य बारा तासांचा पाहुणा. आभाळाची ही ऊब रात्रंदिवस चालू असते.

आभाळ पूर्ण काळं असतं, तर हिशोब एका ओळीत संपला असता. हवेच्या तापमानाचा चौथा घात काढून मोकळं व्हायचं. पण हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन या कामात जवळजवळ निरुपयोगी आहेत. काम करते ती मुख्यतः पाण्याची वाफ, मग कार्बन डायऑक्साइड आणि थोडाफार ओझोन. त्यांचंही असं आहे की काही तरंगलांबींवर ते भिंतीसारखे आडवे येतात आणि काहींवर वाट मोकळी सोडतात. साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या दरम्यान अशी एक खिडकी आहे. कोरड्या रात्री जमिनीची उष्णता तिच्यातून थेट अंतराळात जाते. हवा दमट झाली की खिडकी पुरती बंद होत नाही, पण तिची चौकट आत सरकते, काच धुरकटते. म्हणून निरभ्र आभाळाची ऊब पूर्ण काळ्या वस्तूच्या उबेचा एक अंश असते. या अंशाला उत्सर्जनक्षमता म्हणतात. या पुस्तकातली सगळी धडपड त्या एका अंशासाठी आहे.

आता खरा अडथळा. वाफ जमिनीपासून काही किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेली असते. तिचा सबंध उभा छेद ठाऊक हवा असेल तर फुगा सोडावा लागतो, आणि फुगे देशातल्या मोजक्याच ठिकाणांहून सुटतात. गावोगावच्या हवामान केंद्रावर असतात ते दोन तापमापी: एक कोरडा, दुसऱ्याच्या पाऱ्याच्या फुग्याला मलमल गुंडाळलेली आणि तिची वात पाण्याच्या बाटलीत सोडलेली. वाफ उडताना ओला तापमापी थंड होतो. दोघांतल्या फरकावरून हवेतल्या वाफेचा दाब निघतो, म्हणजे बाष्पदाब. एवढ्याशा साधनाने सबंध आभाळाबद्दल बोलायचं, हा आगाऊपणा वाटावा. तरी तो बऱ्याच अंशी खपतो, आणि तो का खपतो हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं.

पहिलं कारण असं की जिथे वाफ भिंतीसारखी आडवी येते त्या तरंगलांबींवर जमिनीला दूरचं आभाळ दिसतच नाही. दाट धुक्यात चार पावलांपलीकडचं झाड दिसू नये, तसं. तिथलं प्रारण डोक्यावरच्या काहीशे मीटरांतूनच येतं. दुसरं कारण म्हणजे वाफ वर जाताना बेशिस्तपणे विरत नाही. सरासरीने पाहिलं तर साधारण दर दोन किलोमीटरला ती एक तृतीयांशाच्या आसपास उरते. म्हणजे ज्या हवेचा वाटा सर्वांत मोठा, ती आपल्या पेटीच्या अगदी शेजारची आहे. आणि जी लांब आहे, ती बहुतेक दिवशी शेजारच्या हवेच्या प्रमाणात असते. 'बहुतेक दिवशी' हे शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत. उरलेल्या दिवसांसाठी मला एक सबंध प्रकरण लिहावं लागलं.

वाफ उष्णतेचं प्रारण अडवते हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडलने १८५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवून दिलं. त्याच्याही आधी, १८१४ साली विल्यम चार्ल्स वेल्सने दवावरचा आपला निबंध छापला आणि दव पडण्याआधी गवत हवेपेक्षा थंड झालेलं असतं हे पुराव्यानिशी मांडलं. आपल्याकडे तर हे ज्ञान लोकांच्या हातात होतं. गंगेच्या खोऱ्यात थंडीत उथळ खड्डे खणून त्यांत उसाची चिपाडं किंवा पेंढा अंथरत, त्यावर कच्च्या मातीच्या पसरट परळांत पाणी ठेवत आणि पहाटे बर्फ गोळा करत. सर रॉबर्ट बार्करने अलाहाबाद-कलकत्त्याकडच्या या धंद्याचं वर्णन १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. हवा न गोठवणारी आणि परळातलं पाणी गोठलेलं! वेण्णा तलावाकाठची बातमी तीच आहे, फक्त परळाच्या जागी स्ट्रॉबेरीचं पान. हिशोब करून पाहा: आभाळाकडे चौरस मीटरमागे १०० वॅट निव्वळ जात असतील, तर दहा तासांत ३६ लाख ज्यूल जातात. गोठणबिंदूला आलेल्या पाण्याचा जवळजवळ एक सेंटिमीटर जाड थर गोठायला एवढं पुरतं. प्रत्यक्षात हवा आणि जमीन काही उष्णता परत देतात, म्हणून थर पातळ राहतो. खालून येणारी उष्णता तोडण्यासाठीच तर तो पेंढा होता.

मोजमापाचा काळ सुरू झाला तो स्वीडनच्या आँगस्ट्रॉम घराण्यापासून. आजोबा अँडर्स योनास यांच्या नावाने लांबीचं एक एकक आहे. वडील नूट यांनी रात्रीचं प्रारण मोजायचं उपकरण बनवलं: मँगॅनिनच्या काही पट्ट्या काळ्या, काही सोनेरी. उघड्या आभाळाखाली काळ्या पट्ट्या जास्त थंड होतात. वीज सोडून त्यांना सोनेरी पट्ट्यांच्या बरोबरीला आणायचं आणि लागलेल्या विजेवरून गेलेली उष्णता काढायची. नातू अँडर्स हे उपकरण घेऊन १९१२ मध्ये अल्जीरियात आणि १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात गेले, सखल वाळवंटापासून माउंट व्हिटनीच्या ४४०० मीटरहून उंच माथ्यापर्यंत. त्यावरून त्यांनी बाष्पदाब आणि आभाळाची ऊब यांना बांधणारं पहिलं नावाजलेलं सूत्र दिलं. त्यात घातांक होता आणि हाताने हिशोब करणाऱ्याला ते जडच जाई.

१९३२ साली डेव्हिड ब्रंटने ते सोपं केलं. इंग्लंडमध्ये बेन्सन इथे डब्ल्यू. एच. डाइन्स यांनी घेतलेली निरीक्षणं त्याने पुढ्यात घेतली. बाष्पदाब मिलिबारमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ०.०६५ ने गुणा, ०.५२ मिळवा, झाली उत्सर्जनक्षमता. पाटीवर करता येईल असा हिशोब. वर्गमूळच का, याला अनुभवापलीकडचा आधारही आहे: वाफेच्या तीव्र शोषणरेषा मधोमध भरून गेल्या की पुढची वाढ फक्त त्यांच्या कडांवर होते आणि ती वाफेच्या मात्रेच्या वर्गमुळाने होते. म्हणूनच कोरड्या हवेत दोन मिलिबार वाढले की आभाळ चांगलंच उबदार होतं. कोकणातल्या दमट हवेत तेवढीच वाढ जेमतेम कळते.

इथे हा विषय पुण्यात येतो, आणि मला इथे थोडं थांबायचं आहे. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, तिथे १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य काम शिमल्याहून आलं. सी. व्ही. रामन यांच्या तालमीत तयार झालेले के. आर. रामनाथन आणि एल. ए. रामदास हे दोघेही या कचेरीत होते. रामनाथन आणि बी. एन. देसाई यांनी जानेवारी १९३० ते फेब्रुवारी १९३१ या काळातली पुण्याच्या रात्रीच्या प्रारणाची मोजमापं १९३२ साली छापली. ब्रंटचं सूत्र आलं त्याच साली. पुण्याची हवा या कामाला फार सोयीची. थंडीत कोरडी, निवांत, निरभ्र. मेअखेर वाफेने जड. एकाच गावात, एकाच वर्षात बाष्पदाबाची एवढी मोठी पट्टी इंग्लंडमध्ये कुठून मिळणार? पुढे १९३५ साली रामनाथन आणि रामदास यांनी आँगस्ट्रॉमचं सूत्र वाफेच्या शोषणाच्या गुणधर्मांवरून सिद्धांताने काढून दाखवलं. निरीक्षणातून जुळवलेलं सूत्र आणि तत्त्वातून निघालेलं सूत्र यांतली दरी भरण्याचा तो फार मोलाचा प्रयत्न होता.

रामदास यांचं दुसरं काम याहून चमत्कारिक आहे. रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटलेली असणार, असं सगळे धरून चालत. रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२ साली दाखवलं की शांत, निरभ्र रात्री सर्वांत कमी तापमान जमिनीवर नसतं. ते उघड्या जमिनीच्या काही डेसिमीटर वर असतं. खाली उबदार, वर थंड अशी हवा उलटून का पडत नाही, म्हणून अनेकांनी हे मोजमापातली चूक समजून सोडून दिलं. पुढे इतर देशांतही तेच आढळलं आणि त्या थराला रामदास थर हे नाव मिळालं. १९९३ साली वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांनी त्याचा प्रारणावर आधारलेला सिद्धांत मांडला. नंतर बंगळूरच्या संशोधकांनी तो अपुरा ठरवून जमिनीलगत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांकडे बोट दाखवलं. वाद अजून मिटलेला नाही. आपल्या विषयाला त्यातून एक खुलासा हवाच आहे: जमिनीलगतची हवा म्हणजे नेमकी किती उंचीवरची? हाताच्या अंतरात तापमान असं वर-खाली होत असेल, तर पेटीची उंची हा तपशील उरत नाही, तो मोजमापाचा भाग होतो.

ब्रंटच्या सूत्राचं दुखणं लवकरच कळलं. स्वीडन, अल्जीरिया, फ्रान्स, पुणे: प्रत्येक ठिकाणच्या निरीक्षणांवरून निघणारे दोन आकडे वेगळे. १९६३ साली स्विनबँक यांनी तर वाफ वगळलीच. तापमानाचा सहावा घात पुरे म्हणाले. त्यांच्या आकड्यांवर ते बसतही होतं, कारण ते आकडे जिथले, तिथे उष्ण रात्री दमट असत आणि थंड रात्री कोरड्या. मला हा मार्ग आपल्याकडे मान्य नाही. पुण्यातली २४ अंशांची एक एप्रिलमधली रात्र घ्या, बाष्पदाब १४ मिलिबार. आणि २४ अंशांचीच जुलैची, २५ मिलिबार. ढग बाजूला ठेवले तरी आभाळाच्या उबेत सुमारे ३० वॅटचा फरक पडतो. तापमानाचं सूत्र दोन्ही रात्रींना एकच उत्तर देईल. ज्या देशात पावसाळा म्हणून एक वेगळा ऋतू आहे, तिथे वाफेला हिशोबातून काढता येत नाही.

१९७५ साली विल्फ्रिड ब्रुटसर्ट यांनी वेगळ्या बाजूने वाट काढली. तापमान आणि वाफ उंचीनुसार नेहमीच्या रीतीने घटतात असं धरून त्यांनी गणित सोडवलं. बाष्पदाबाला निरपेक्ष तापमानाने भागा, भागाकाराचं सातवं मूळ काढा, १.२४ ने गुणा. या आकड्यांत कुठल्याही गावाची निरीक्षणं मिसळलेली नाहीत, म्हणून ते ठिकाणाला बांधलेलं नाही. तरी त्यात एक वातावरण गृहीत धरलेलं आहे, आणि आपलं आभाळ त्या रात्री तसं असेलच असं नाही.

दोन रात्रींचा हिशोब देतो. देशावरची जानेवारीची पहाट: १० अंश, बाष्पदाब ८ मिलिबार. ब्रंटच्या आकड्यांनी आभाळ चौरस मीटरमागे सुमारे २५७ वॅट देतं, ब्रुटसर्टच्या सूत्राने २७१. हवेच्याच तापमानाची जमीन सुमारे ३६४ वॅट सोडते. तूट शंभराच्या अलीकडे-पलीकडे. आता किनाऱ्यावरची मेमधली रात्र: २८ अंश, ३० मिलिबार. जमीन ४६६ सोडते, आभाळ ब्रुटसर्टच्या सूत्राने सुमारे ४१६ परत करतं. तूट पन्नासवर आली. मुंबईच्या गच्चीवर झोपलेल्याला पहाटेपर्यंत गारवा लागत नाही आणि निफाडच्या द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, यातला मोठा भाग या दोन आकड्यांत आहे.

पण दोन सूत्रांमधला तो १४ वॅटचा फरक विसरू नका. आणि मोजमापातली चूक त्याहून मोठी असू शकते, हे मी स्वतः भोगलं आहे. एका केंद्रावरची नोंद घेऊन मी हिवाळ्यातल्या बऱ्याच रात्रींचा हिशोब केला आणि आभाळ अकारण उबदार निघत राहिलं. सूत्रावर संशय घेतला, तक्ते पुन्हा तपासले. शेवटी केंद्रावर जाऊन पाहिलं तर वात बाटलीतून निसटलेली, मलमल कडक वाळलेली. ओला तापमापी कोरडाच होता, म्हणून हवा वाफेने भरलेली आहे असं वही सांगत होती. १२ अंशांच्या रात्री ओला तापमापी ८.५ ऐवजी १२ दाखवू लागला, तर आभाळ सुमारे २१ वॅटने खोटं उबदार होतं. मलमल स्वच्छ आहे का, पाणी शुद्ध आहे का, वात बाटलीत आहे का, हे तीन प्रश्न मी या पुस्तकातल्या सगळ्या सूत्रांच्या आधी छापले आहेत.

'बहुतेक दिवशी' या शब्दांत न बसणारे दिवस आता थोडक्यात सांगतो. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. पेटी तेव्हा आभाळाला आहे त्याहून थंड समजते. भर दुपारी याच्या उलट घडतं. मान्सूनच्या तोंडावर समुद्रावरून आलेली दमट हवा कधी कोरड्या थराखाली उथळ पसरते, कधी कोरड्या हवेवर चढून बसते, आणि खालचा बाष्पदाब दोन्ही वेळा फसवतो. ढगाचं तर काय सांगावं: आभाळ आलं की थंडी मोडते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ढगाचा तळ त्या खिडकीतूनही प्रारण पाठवतो, म्हणून खालचा दाट ढग आभाळाला जवळजवळ पूर्ण काळं करतो आणि विरळ, उंच ढगाने फारसं बिघडत नाही. ढगांची दुरुस्ती करणारी सूत्रं आहेत. ती वाफेच्या सूत्रांपेक्षा ढोबळ आहेत.

तरीही हा हिशोब रोज वापरला जातो. पिकाला पाणी किती लागेल हे काढण्यासाठी १९४८ साली पेनमन यांनी दिलेल्या समीकरणात ब्रंटचं वर्गमूळ बसलेलं आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेतही ते आहे: ०.३४ मधून बाष्पदाबाच्या वर्गमुळाची ०.१४ पट वजा करायची, बाष्पदाब किलोपास्कलमध्ये. आपल्याकडे उसाला, डाळिंबाला, द्राक्षाला ठिबकने किती तास पाणी सोडायचं हे शास्त्रीय पद्धतीने ठरवताना हा कंस पार करावाच लागतो. ते दोन आकडे आपल्या मातीवर, आपल्या आभाळाखाली तपासून घ्यावेत, ही माझी कळकळीची मागणी आहे. आभाळाचं प्रारण थेट मोजणारी उपकरणं आता मिळतात. प्रत्येक तालुक्यात ती बसणार नाहीत, पण कोकण, घाटमाथा, देश आणि विदर्भ यांत एकेका ठिकाणी दोन-तीन वर्षं नीट चालली, तर बाकीच्या सगळ्या मलमलींना आपापले आकडे मिळतील. पुण्याने १९३० साली हेच केलं होतं.

पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता आहे. कोरडा तापमापी, ओला तापमापी, बाष्पदाब आणि तीन सूत्रांनी येणारी आभाळाची ऊब असे त्याचे रकाने आहेत. शेवटचा रकाना कोरा ठेवला आहे. निरभ्र रात्री अंगणात, गवताच्या टोकांवर टेकलेला एक साधा तापमापी पहाटे वाचायचा आणि तो आकडा तिथे लिहायचा. त्या स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्याने मागच्या हिवाळ्यात असा एक कागद भरून मला पाठवला. त्याच्या १७ रात्रींपैकी ११ रात्री गवतावरचा पारा सूत्रांच्या अंदाजाबरोबर चालला. उरलेल्या सहा रात्रींच्या पुढे त्याने पेन्सिलीने एकच शब्द लिहिला आहे: वारा.